करंगळी अडकली तर सांगा

मी मूळची पिंपळगावाकडची, आईच्या मांडीशी बसूनच गोधडी शिकले, लग्न होऊन नाशकात आले, मालक गेले तवा हातात सुई तेवढी व्हती, तिनंच जगवलं. आता संस्थांसाठी शिवते, लोकं जुनी लुगडी आणून देतात, संस्थावाले वाटतात. पण काय सांगू तुम्हाला, दानाचं म्हणून काय बी चालत नाय. म्हाताऱ्यांच्या आश्रमाला हलकी लागती, जड त्यांना उचलवत नाय. दवाखान्याबाहेर पेशंटची माणसं झोपतात, त्यांना जाड, खालून फरशी गार. आन् अनाथ लेकरांच्या घराला दुपटी, तिथं सगळी तान्ही, त्यांचीच मला लय भीती.

भीती टाक्याची हो. टाका लांब पडला की दोरा सैल राहतो, तान्ह्याचं बोट गुंततं, पोर रडतं, आपण म्हणतो भूक लागली, आन् तिकडं बोट काळंनिळं व्हतं. म्हणून आईनं शिकवलं, शिवून झालं की वरून करंगळी फिरवायची, अडकली की उसवायचं. सुनेला, मंदाला, मीच शिकवलं ते.

परवा भजनातून लवकर आले, बघते तर मंदा मी शिवलेलं दुपटं उसवतीया. का गं म्हटलं, तर मान खाली घालून म्हणती, आत्या, तुमचे टाके लांब पडाया लागलेत, मी गुपचूप नीट करून देते. सगळी केलीस का गं? तर म्हणती, मला कळायच्या आधीची गेली असतील. तवापासून कुठं पोर रडलं की मी आधी त्याची बोटं चाचपते.

डॉक्टर म्हणतो मोतीबिंदू हाय, सोपं काम. माझ्या आईला बी सोपंच सांगितलं व्हतं, तिचा डोळा गेला तो गेलाच. पण उद्या जाते, न जाऊन करू काय. मंदाला सकाळीच त्या लेकरांच्या घरी धाडलंय, एकेका दुपट्यावर करंगळी फिरवून ये म्हटलं. अजून आली नाय. फोन बी उचलंना. देवा, कुणाचं बोट गुंतू देऊ नको रे बाबा, माझा डोळा घे हवं तर.

हे बघा, हे कालचं, लय जपून शिवलंय, अगदी डोळ्याशी धरून. फिरवा तुमची करंगळी. अशी नाय, हळू, शेवटपर्यंत.

का थांबलात? अडकली का? सांगा की, माझी भीड धरू नका.