हातात वस्तरा, अंगात शुगर

...नाही, पण मी म्हणतो, सांगायचं कशाला? तुम्हीच बसा बरं माझ्या खुर्चीत. मान मागे, डोळे मिटलेले, गळ्यावर फेस, फेसावर माझा वस्तरा, आणि मी हळूच कानात सांगतो, "साहेब, मला डायबेटिस आहे, कधीकधी हात थरथरतो"... बसाल? फेसासकट पळाल! समोरच दुसरं सलून आहे, तिथे टीव्हीपण आहे. म्हणून तुम्हाला सांगतो, तसं मला काही झालेलं नाही!

डॉक्टर म्हणाले, "शुगर म्हणा, मधुमेह म्हणा, काय हवं ते म्हणा, पण चार लोकांना सांगून ठेवा. ही गोळी घेऊन उपाशी राहिलात तर साखर एकदम खाली जाते, माणूस बेशुद्ध पडतो." बेशुद्ध! घाबरलो हो, पार घाबरलो. बायकोला म्हटलं, "किंचित शुगर आहे म्हणतात." तर ती म्हणते, "किंचित कसली? माझा भाऊ सरळ सांगतो, मला डायबेटिस आहे म्हणून. त्याचं काय बिघडलं?" अगं, तुझा भाऊ बँकेत आहे! त्याच्या हातात पेन असतं! पेन घसरलं तर खाडाखोड करता येते, गळ्याची कशी करू? मग मी आपलं गिऱ्हाइकांना सांगायचो, गोड आवडत नाही, दात दुखतोय, पित्त झालंय... पित्ताला कोणी घाबरत नाही बघा. तसं मला काही झालेलं नाही!

गेल्या महिन्यातला एक रविवार. गोळी घेतली, खायला बसणार तोच ही गर्दी! बाकावर माणसं खेटून बसलेली. म्हटलं, एवढं उरकू आणि खाऊ. खुर्चीत मास्तर. आता रिटायर झालेत, पण मला शाळेत शिकवलंय, अजून त्यांनी नुसतं "हं" म्हटलं तरी मी हात बांधून उभा राहतो. वस्तरा गळ्याला टेकवला आणि... हाताला कापरं! दरदरून घाम! आरशात माझं तोंड फेसापेक्षा पांढरं. म्हटलं, "मास्तर, हलू नका." मास्तर डोळे न उघडता म्हणाले, "मी नाही हलत. तू हलतोयस!"

वस्तरा बाजूला ठेवला, तेवढी अक्कल शिल्लक होती. बाकावर आमचा शेजारी बसलेला, शिंपी, एक नंबरचा टवाळ. तो ओरडला, "काय रे, सकाळीसकाळीच लावून आलास?" आता खरं सांगायचं की नाही? पण मला अख्खा बाक उठून समोरच्या दुकानात चाललेला दिसायला लागला, आणि तोंडातून काय जावं? "हो... थोडी झालीय!"

दारुडा चालेल, पेशंट नको! तसं मला काही झालेलं नाही ना!

मग काय विचारता! डोक्यावर गार पाणी ओतलं. तोंडात लिंबू पिळलं, बिनसाखरेचं! जीभ जड झाली, तीन-तीन मास्तर दिसायला लागले, आणि मनात एकच... मी मरतोय, माझ्याच दुकानात, फरशीवर, ओलाचिंब, आणि हे हसताहेत! भीतीनं सगळी लाज गेली. म्हटलं, "साखर द्या... मला डायबेटिस आहे." तर शिंपी म्हणतो, "ऐका! डायबेटिस आहे आणि साखर मागतोय! फुल्ल झालाय!" आणि चहाच्या साखरेचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला, माझा हात पोचू नये म्हणून!

तेवढ्यात बायको जेवण घेऊन आली म्हणून वाचलो. तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं, डबा खाली ओढला, साखर पाण्यात कालवून घोटघोट पाजली आणि असा आवाज लावला की समोरचे लोक टीव्ही सोडून दारात आले, "डायबेटिस आहे ह्यांना! साखर उतरलीय! हसताय काय?" हळूहळू तीन मास्तरांचा एक मास्तर झाला, अर्ध्या दाढीचा. रडलो हो मी.

आता सगळ्यांना आधीच सांगतो. डायबेटिस आहे, जेवलोय, हे हात बघा. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही, खरंच! पण काल मास्तर आले. फेस लावला, वस्तरा उचलला, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. म्हटलं, "मास्तर, मला डायबेटिस आहे, पण मी आयुष्यात थेंबसुद्धा घेतलेला नाही हो!" मास्तर म्हणाले, "डायबेटिसचं तुझ्या बायकोनं सांगितलं, ते पटलं. पिण्याचं तू स्वतः सांगितलंस. आ कर!"

केला. काय करणार? बाकावरच्यांनी बघितलं ना... आता खुर्चीत कुणीही बसू दे, आधी मी आ करतो, ते वास घेतात, मग मान वर करतात.