'याबाइ' म्हणायचं काम

काय म्हणालीस? — नाही, तू खा, नूडल्स फुगतील — पण आत्ता पहिल्या घोटाला काय म्हणालीस? 'याबाइ!' म्हणजे रस्सा भारी झालाय, हो ना? कळतं मला, तुझ्यासारख्या दहा जणी रोज येतात, फोटो काढतात, याबाइ याबाइ करतात. मधे काही वर्षं पोरं वाईटालाच याबाइ म्हणायची — पेपर याबाइ गेला, आता भोपळा. आणि आमच्या वेळी? आमच्या वेळी हा शब्द सभ्य माणसाच्या तोंडात नव्हता, पोरी. चोरांचा शब्द. याबाइ म्हणजे धोका, पोलीस आला, पळा! कुणी म्हणतं तुरुंगातून निघाला, कुणी म्हणतं आणखी कुठून — मला विचार ना, मी पोट भरलंय त्याच्यावर. हसतेस काय? असाकुसाच्या देवळाच्या जत्रेत माझा जोडीदार किहाची खिसे कापायचा आणि मी कमानीखाली उभा. माझं काम एकच — साध्या कपड्यातला पोलीस दिसला की ओरडायचं, याबाइ! तीन वर्षं कधी चुकलो नाही. एकदाच — आणि तेव्हाही चुकलो कुठे? दिसला होता की, तपकिरी टोपीवाला, नाकासमोरून गेला. मी भाजलेलं रताळं खात होतो. खात राहिलो. का म्हणजे? पुढच्या महिन्यात किहाचीचं लग्न होतं, तोमिएशी. अशी पोरगी त्या माकडाला? तुरुंगात भेटायला गेलो तर मलाच विचारतो, "तुला दिसला नाही का रे?" म्हटलं, पोट बिघडलं होतं, संडासात होतो. विश्वास ठेवला गाढवानं! वर म्हणतो, तोमिएकडे लक्ष दे. दिलं की — पंचावन्न वर्षं देतोय, याच दुकानात. तो आतच खोकून खोकून मेला. ही अजून दरवर्षी त्याच्या फोटोपुढे उदबत्ती लावते, बिचाऱ्याचं नशीबच फुटकं म्हणते — आणि उदबत्त्या कोण आणून देतं? मीच!

हळू कशाला बोलू? ती आत भांडी घासतेय, नळाच्या आवाजात तिला काय — नळ कधी बंद झाला? तू माझ्या मागे काय बघतेयस? — तोमिए... अगं, मी आपलं गंमत — या पोरीला जरा...

आणि तू गं? ती केव्हाची मागे उभी आहे, दिसत होतं ना तुला? मग तोंडातून एक शब्द फुटला नाही? एवढा वेळ तर याबाइ याबाइ चाललं होतं! ठेव तो वाडगा. ऊठ, चालती हो.