सतरावं पान

राजारामपुरीतल्या दातांच्या दवाखान्यात क्रांती सुजलेला गाल धरून बसली होती. शेजारी जाडजूड कादंबरी मांडीवर घेतलेले बाळासो होते आणि बायकोला आत पाठवून बसलेला एक अनोळखी पाहुणा.

"पावणं, निवांत वाचायला जागा सुचवा की. घरात केबल आल्यापासनं माझं सतरावं पान हाललं न्हाय," बाळासो त्याला म्हणाले.

"नरसोबाच्या वाडीला जावा. नदी हाय, घाट हाय."

"गेलतो की! घाटावर पुस्तक उघडलं, तर चार बायका हात जोडून म्होरं बसल्या. म्हटल्या, महाराज, मोठ्यानं वाचा. आन् सतराव्या पानावर नायिका घर सोडून पळत हुती!"

"मग?"

"तिला माघारी सासरी धाडली, आरती म्हटली न् सुटलो."

क्रांतीला हसू फुटलं, तशी कळ मस्तकात गेली.

"मग शाहूवाडी?"

"तिथल्या मेव्हण्यानं पुस्तक माळ्यावर ठेवलं न् मला भात लावाय चिखलात उतरवलं."

"सत्तावीस नंबर!" कंपाउंडर ओरडला.

"माझाच हाय," बाळासो क्रांतीकडं वळले. "ताई, तुमचा गाल लई सुजलाय. तुम्ही जावा."

"काका, तुमचा बी दात दुखत असंल की."

"त्यांचा दात गेल्या महिन्यातच काढलाय," कंपाउंडर म्हणाला. "रोज नंबर लावत्यात न् दुसऱ्याला देत्यात."

पाहुण्यानं कादंबरीकडं बोट केलं. "मग, पळाली का नायिका?"

"कुठली पळतीय! हितं कुणाला तोंड उघडता येत न्हाय म्हणून वाचाय आलो, पर मलाच गप बसवंना."