बटन दाबू नको

नीतू : दुकानातल्या कंप्युटरची स्क्रीन गोठली हो. माउसही हालत नाही. बंद करून चालू करू का?

योगराज : (फोनवरून) थांब! देवकाबाईचे गाणे कुठं ठेवले?

नीतू : तुम्हीच म्हणता ना, गिऱ्हाइकाचं सगळं ‘टेम्प’ फोल्डरमधी ठेवत जा. तिथंच हायेत.

योगराज : अवं, टेम्प त मशीन चालू होताना आपोआप पुसून जाते!

नीतू : पुसून? धानाच्या रोवण्याचे गाणे हायेत ते. सकाळपासून माइकसमोर गाऊन राहिल्या. उद्या त्यायचं नागपूरले गळ्याचं ऑपरेशन. डॉक्टर म्हणते, आवाज राहील का नाही, सांगता येत नाही. असं पुसणारं फोल्डर कायले बनवलं?

योगराज : एकाचं आधार कार्ड दुसऱ्याच्या हाती गेलं तवा तूच रडत होती. म्हणून लावलं. लोकाचे कागद आपल्यापाशी राहू नये.

नीतू : कागद आन् गळा एकच का?

देवकाबाई : (माइकपासून उठत) काय झालं पोरी? गळा बेसूर आला का माया?

नीतू : नाही मावशी, मस्त आला. पण ही मशीन झोपून उठली का सगळं इसरते.

देवकाबाई : माया बुढ्यासारखी.

योगराज : ऐक. पुसणं होते ते चालू होताना. बंद असताना काही होत नाही. पेनड्राइव्ह माझ्या खिशात आहे, त्याच्यावरून मशीन उघडतो, मग टेम्पले धक्का लागत नाही. तवापर्यंत वायरच काढून ठेव. लाइट जाऊन आली का ती आपोआप चालू होते.

नीतू : वायर काढल्यानं गाणे जाणार नाही ना?

योगराज : बहुतेक नाही.

नीतू : बहुतेक!

देवकाबाई : सरक. ही भिंतीतली ना? मीच ओढतो.

नीतू : ओढली हो मावशीनं! तुम्ही कधी येता?

योगराज : गोंदियाहून निघून राहिलो. बस भेटली त संध्याकाळपर्यंत. बटनले हात लावू नको.

देवकाबाई : माही नागपूरची गाडी त त्याच्या आधीची आहे.

नीतू : जा तुम्ही बेफिकीर. परत आल्या का ऐकवतो.

देवकाबाई : आन् गाणे नाही निघाले त?

नीतू : त... पुन्हा गाजा.

देवकाबाई : कोणत्या गळ्यानं?

नीतू : असं काऊन बोलता मावशी!

देवकाबाई : बस इथं. शेवटचं गाणं, धानाच्या बांधीत अंधार पडाले लागला का म्हणतो ते. माया मांगं म्हण.

नीतू : मले गाता येत नाही.

देवकाबाई : गाऊ नको. तुयापाशी ठेव.