थिजलेल्या मधाचं नाव

मामाच्या मधाचं सांगते, पण हसू नका. मामा इंदापूरजवळ डाळिंबाच्या बागांत मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो. थंडीत अस्सल मधही थिजतो; पण त्याचा मध थिजला, की ऊस पिकवणाऱ्या आमच्या लोकांना एकच शंका येते. काटेवाडीच्या आबांनी तर घेतलेली बरणी परतच आणून दिली. "साखर घातलीस व्हय रं?"

"असंच चाललं तर पेट्या विकाव्या लागत्याल," मामा म्हणाला. मग मित्राने फ्रान्सहून आणलेली मधाची बरणी त्याने माझ्यापुढे ठेवली. त्यातला मधही थिजलेलाच होता. "वाच की, त्यांनी काय लिहिलंय?"

फ्रेंच मला येत नाही. शब्द मोबाइलवर शोधून मी हळूच इंग्रजीत सांगितलं, "क्रीमी हनी."

मामाने थिजलेल्या सगळ्या बरण्यांवर तेच नाव छापून लावलं.

बारामतीच्या प्रदर्शनात आबा आमच्या टेबलापाशी आले. नाव वाचून त्यांनी चमचाभर मध चाखला. "ह्याला म्हणत्यात मध! कुठनं आणलास?"

"तुमी परत केलेल्या बरणीतला हाय, आबा."

आबांनी चमचा नीट चाटला आणि पुन्हा पुढे केला.

"मग नाव आधी सांगायचं न्हाय व्हय!"