निम्मं लाकूड

आमी किस्नाकाठचं भोई, सांगलीच्या वरल्या अंगाला आमचं गाव, आन काय सांगू तुमाला, दुसऱ्याची नाव फुटली की आमच्या घरात चूल पेटायची, खोटं कशाला बोलू. गूळ-हळद भरून नावा सांगलीच्या पेठंला जायच्या, पान्याखालच्या खडकावर आपटायच्या, गूळ नदीत जायचा, हळदीची पोती तेवढी आमी बुड्या मारून काढायचो. पूर आला की पोटाखाली भोपळ्याची सांगड घिऊन फुटक्या नावंची लाकडं धरायची. बा त्येच करायचा, बाचा बा त्येच.

आन रीत अशी, ज्येनं लाकडाला आपला पटका बांधला त्येचं ते लाकूड, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. त्येनं हाक मारून बोलावलं तर मातर येनाऱ्याला निम्मं, सख्खा भाऊ आसला तरी निम्मं. म्हनून हाक कोन मारायचं न्हाई, जीव जाऊस्तवर एकट्यानंच वढायचं.

तवा तिकडं सायबाची लढाई चालू हुती, सागवान समदं तिकडंच जायचं, हितं बघायला मिळत नव्हतं. त्या पुरात एक मोठी नाव घाटावर आपटून फुटली आन तिचं सागवानी धूड वाहात आलं. माझ्या थोरल्या भावानं, दादानं, त्येला पटका बांधला. त्येला सवताची नाव करायची हुती, मानसं पल्याड न्यायची हुती, लोकांच्या बुडन्यावर जगनं बास झालं म्हनायचा, लय दिस म्हनायचा. मी माझ्या सांगडीवर, चार हातावर. लाकूड फिरलं आन दादाचा पाय नावंच्या दोरात आडकला. मला दिसत हुतं की वो. पर मी म्हनलं, हाक मारू दे आदी.

मारली त्येनं. म्हादू, ये रं, म्हनला.

आन मी काय इचारलं ठाव हाय? मी इचारलं, निम्मं माजं न्हवं?

समदं घे, पर ये, म्हनला. तेवढ्यात लाकूड उलटलं. मग गेलो मी, हात घातला खाली, नुसतं पानी लागलं.

दादा चौथ्या दिशी घावला. लाकूड खालच्या गावाला लागलं हुतं, पटका बघून त्या लोकांनी इमानानं आनून दिलं. मी समद्यास्नी सांगितलं, दादानं हाक मारली आन मी तसाच धावलो. वैनी तवा पोटुशी. तीच म्हनली, भावजी, हाकंला धावलासा, निम्मं तुमचं. मी घेतलं. लाज वाटली, पर घेतलं.

आता पूल झालाय, नावा गेल्या, मला डोळ्यानं दिसत न्हाई. वैनी हाय आजून, दुधात भाकरी कुस्करून देती, गावात सांगती, असा दीर कुनाला मिळत न्हाई. किती बारी तिला खरं सांगायला बसलो, जीभ वळत न्हाई. देव तुमचं भलं करो, तुमी समदं लिवून घेतलंय न्हवं? ती आत चुलीपाशी हाय. जावा, तिला वाचून दावा. मी हितंच बसतो.