पुतळ्याची आयुधपूजा

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या सकाळी अकरा वाजता मी म्हैसुरातल्या एका मेडिकल कॉलेजच्या सिम्युलेशन लॅबमध्ये पाहुणा म्हणून होतो. सरावासाठी आणलेल्या रबरी पेशंटला कुंकू लावलेलं, गळ्यात शेवंतीचा हार, आणि अंगावर अजून पॅकिंगचं प्लास्टिक!

मी प्राचार्यांना विचारलं, "मुलं याच्या घशात श्वासाची नळी घालून शिकतात ना?"

"अय्यो, हात लावून प्लास्टिक फाटलं तर? तपासणीला कमिटी यायचीय!"

शेजारी उभी असलेली हुणसूरची इंटर्न पोरगी हळूच म्हणाली, "अंकल, मी नुसता व्हिडिओ बघितलाय. उद्यापासून माझी कॅज्युअल्टीत ड्युटी आहे."

मी प्राचार्यांना म्हटलं, "सर, मग ही पोरगी पहिली नळी कोणाला घालणार?"

प्राचार्यांनी माझ्या हातावर प्रसादाचे चुरमुरे ठेवले.

दुसऱ्या दिवशी पोरगी ड्युटीवर गेली. पहिली नळी कोणाच्या घशात गेली, हे कॉलेजने मला अजून सांगितलेलं नाही.